जाड दंडाला न काचणारा ब्लाउज शिवून घ्यायचा तर

ब्लाउज आजच्या अंगाचा शिवायचा, हे आधी ठरवा. "चार किलो उतरले की शिवते" म्हणत कपाटात पडून राहिलेली कापडं मी कितीतरी मैत्रिणींकडे पाहिली आहेत. जाड बाईनं गडदच घालावं, उभ्या रेघाच घ्याव्यात, बाही कोपरापर्यंतच हवी, हे सल्ले कानाआड करा. कोल्हापुरात महाद्वार रोडला पिवळाधम्मक खण मनात भरला तर पिवळाच घ्या.

छाती 40 इंचांच्या पुढे असेल तर 80 सेंटिमीटरचा ब्लाउजपीस बहुतेकदा पुरत नाही. मीटरभर कापड घ्या. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या पारंपरिक खणाचा पन्हा अरुंद असतो, तिथे दोन खण धरा. सुती कापड आणि अस्तर भिजवून, वाळवून मगच शिवायला टाका.

आता मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल. मोठ्या मापाचा ब्लाउज बिघडतो तो इथेच. बरेच टेलर छातीचं माप घेतात आणि बाकी सगळं त्याच हिशेबानं वाढवत नेतात. छाती 34 ची 44 झाली म्हणून खांद्याची हाडं काही तेवढी रुंदावत नाहीत. मग खांदा दंडावर ओघळतो, मुंढा काखेच्या खाली उतरतो आणि हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "मुंढा अजून खोल करू." करू देऊ नका! मी हे वर्षानुवर्षं सोसलंय. मुंढा जितका खोल, तितकी हातासोबत कुशीची शिलाई वर ओढली जाते. मुंढा काखेला जवळजवळ लागूनच हवा, बोटभर सुटा. सैलपणा द्यायचा तो बाहीत.

त्यासाठी दंडाचं माप सगळ्यात जाड जागी, हात मोकळा सोडून घ्यायला लावा आणि त्यात दीड-दोन इंच धरायला सांगा. बाहीचा वरचा गोल पसरट हवा. उंच गोलाची बाही हात खाली असताना छान दिसते, पण हात वर जाऊ देत नाही. खांदा पाठीमागून, हाडापासून हाडापर्यंत, वेगळा मोजायचा. आणि मापाला जुना ब्लाउज अजिबात नेऊ नका, त्यातले दोष जसेच्या तसे नव्यात उतरतात.

गळा, टक्स, हूक टेलर बघून घेईल. कोल्हापुरी साज घालणार असाल तर तो घालूनच गळ्याची खोली ठरवा.

कच्च्या शिलाईवर ट्रायल मागा. आरशासमोर नुसतं उभं राहू नका. देवळातली घंटा वाजवताना नेतो तसा हात वर न्या, वाका, खाली बसा. कुशीला दोन्हीकडे दीड इंच कापड आत ठेवायला सांगा, म्हणजे अंग बदललं तरी उसवून घेता येतं.

अस्तर, पायपिंग, लटकन यांचे पैसे जरूर द्या. नुसत्या मोठ्या मापाची जादा शिलाई कुणी मागितली, तर कापड परत घ्या. राजारामपुरीपासून गंगावेशीपर्यंत घरी शिवणाऱ्या बायका भरपूर आहेत.