शिडाच्या डिंगीला छोटं आउटबोर्ड इंजिन कसं निवडावं आणि बसवावं

वारा पडला किंवा भरती-ओहोटीची ओढ उलटी लागली, की डिंगी (छोटी होडी) धक्क्याला आणायला आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन लागतं. वेगासाठी ते घेऊ नये. पाणी कापत चालणाऱ्या होडीचा वेग तिच्या जलरेषेच्या लांबीवर ठरतो: 14 फूट असेल तर साधारण 5 नॉट. त्यापुढे ताकद वाढवली तर मागचा भाग खाली बसतो आणि पेट्रोल वाया जातं. 12 ते 14 फुटी डिंगीला 2 ते 2.5 हॉर्सपॉवर पुरते. अशी फोर-स्ट्रोक इंजिनं बहुधा 13 ते 17 किलोंची असतात. 4 हॉर्सपॉवरचं 25 किलोंच्या आसपास जातं आणि शिडावर चालताना ते वजन जाणवतं.

हॉर्सपॉवरपेक्षा महत्त्वाची शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून पाण्यातल्या पंख्यापर्यंतच्या उभ्या दांड्याची लांबी, आणि नेमकी तीच मोजायची राहून जाते. छोटा शाफ्ट सुमारे 38 सेंमीचा, लांब 51 सेंमीचा. ट्रान्समवर (होडीच्या मागच्या उभ्या फळीवर) इंजिनाचा क्लॅम्प (पकड) जिथे टेकणार तिथून तळापर्यंत सरळ खाली मोजा. मधोमध सुकाणू असतं, त्यामुळे इंजिन बाजूला जातं आणि तिथे तळ वर उचललेला असतो. म्हणून माप त्याच जागी घ्या. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या 2 ते 5 सेंमी खाली यायला हवी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो: इंजिन किंचाळतं, होडी जागची हलत नाही.

जागा पक्की करण्याआधी इंजिन तिथे धरून सुकाणू दोन्हीकडे पूर्ण वळवा. सुकाणूचं पातं पंख्याला लागता कामा नये. इंजिन वर उचलून मुख्य शिडाची दोरी त्यात अडकते का, तेही बघा.

ट्रान्समला बाहेरून 18 मिमी आणि आतून 12 मिमी मरीन प्लायचा तुकडा लावा. स्क्रू नकोत; 316 स्टेनलेसचे 8 मिमी बोल्ट आरपार घाला, आत रुंद वॉशर आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) नट. ट्रान्सम लाकडी किंवा आत लाकूड भरलेला असेल तर भोक 12 मिमीचं पाडून घट्ट कालवलेल्या इपॉक्सीने भरा आणि ते पूर्ण कडक झाल्यावर त्यातच 8 मिमीचं भोक पाडा. हा वेळ वाचवला तर पाणी लाकडात मुरतं, लाकूड कुजतं, बोल्ट ढिले होतात. बोल्टभोवती मरीन सीलंट लावायला विसरू नका.

क्लॅम्प हातानेच घट्ट आवळा. इंजिनाला बांधलेली दोरी होडीच्या वेगळ्या, मजबूत कडीला अडकवा. क्लॅम्प सुटला तर इंजिन वाचतं ते तिच्यामुळेच.

पहिली चाचणी शांत पाण्यात, माणसं नेहमीच्या जागी बसवून घ्या. किल-कॉर्ड (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी दोरी) चालवणाऱ्याला अडकवलेली हवी. शाफ्ट उभा राहील असं ट्रिम पिनचं (इंजिनाचा कल ठरवणाऱ्या खिळीचं) भोक निवडा. 10 मिनिटांनी क्लॅम्प पुन्हा आवळा. कंपनाने ते हमखास सैल होतात. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार सतत दिसायला हवी. ती थांबली तर लगेच बंद करून पाणी आत घेणारी जाळी तपासा. तिथे बहुधा शेवाळ किंवा प्लास्टिक अडकलेलं असतं.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यावर चालवून कार्ब्युरेटर रिकामा करा. आडवं ठेवताना कोणती बाजू खाली, याची खूण बहुतेक इंजिनांवर किंवा माहितीपुस्तिकेत असते. चुकीच्या बाजूवर ठेवलं तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं.