वस्तऱ्यासाठी नैसर्गिक दगड: कुठला घ्यायचा आणि कसा वापरायचा

नैसर्गिक दगड म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, हा किती ग्रिटचा, म्हणजे कण किती बारीक ते सांगणारा आकडा किती? खाणीतून निघालेल्या दगडाला ग्रिट नसतो हो, विकणारा लिहितो तो त्याचा अंदाज. एकाच खाणीतले दोन दगड वेगळे वागतात, आणि तोच दगड स्लरी, म्हणजे पाण्यात दगड घासून निघणारा गाळ, घट्ट की पातळ यावर पण वेगळा वागतो. म्हणून माझं मत सरळ आहे, एकच दगड घ्या आणि हात बसेपर्यंत तोच वापरा. पाच-पाच दगड जमवून पण वस्तरा केस ओढतोय म्हणणारे खूप आहेत.

आणि ओढण्याचं कारण बहुतेक वेळा शेवटचा दगड नसतोच, बेव्हल नीट सेट झालेला नसतो. बेव्हल म्हणजे धारेच्या दोन्ही बाजूंचे ते बारीक उतार, ते दोन्ही धारेच्या पूर्ण लांबीत एकमेकांना भिडले पाहिजेत. हे काम साध्या 1000 ग्रिटच्या सिंथेटिक दगडावर करा, तिथे नैसर्गिकचा हट्ट नको. बेव्हलवर मार्कर फिरवा, दोन हलके स्ट्रोक द्या आणि बघा, शाई जिथे राहिली तिथे दगड पोचतच नाहीये. टोकापासून बुडापर्यंत सगळीकडे हातावरचे केस कातडीलगत निघायला लागले की पुढे जायचं, त्याआधी नाही. मग मधला एखादा 5000 च्या आसपासचा, आणि शेवटचा हात फिरवायला नैसर्गिक.

आता कुठला. नवीन माणसाला मी बेल्जियमचा कोटिक्युल सांगेन. आर्देन भागात व्हिएलसाल्मच्या आसपास निघतो, पिवळसर असतो, आणि कापायचं काम करतात त्याच्यातले गार्नेटचे बारीक कण, म्हणजे आपला गोमेद ज्या कुळातला त्याच कुळातलं खनिज. हे कण गोलसर असल्यामुळे चरे उथळ पडतात आणि धार चेहऱ्याला मऊ लागते. पिवळा थर पातळ असतो म्हणून खाली बहुतेकदा पाटीचा दगड जोडलेला असतो, त्यात फसवणूक काही नाही. पैसे वाचवायचे तर चौकोनी न घेता वेड्यावाकड्या आकाराचा तुकडा घ्या, त्याला बाउट म्हणतात, वस्तऱ्याला दीड इंच रुंदी पण चालते.

दुसरा पर्याय अमेरिकेतला आर्कान्सा, हॉट स्प्रिंग्जच्या बाजूचा. हा जवळजवळ निव्वळ सिलिका, भयंकर कडक, वस्तऱ्यासाठी त्यातला ट्रान्सलुसंट किंवा ब्लॅक नावाचा प्रकारच घ्यायचा, सॉफ्ट नावाचा नाही. जपानी, क्योटोकडचे नाकायामा, ओझुकू वगैरे, अप्रतिम असतात पण महाग, आणि दगड दगडात इतका फरक की पहिला दगड म्हणून नकोच. जर्मनीच्या थुरिंजियातले एशर लेबलवाले जुने दगड पण तसेच, लेबलचेच पैसे जास्त जातात.

दगड हातात आला की ओला करून नख फिरवा. नुसत्या रंगाच्या रेषा असतील तर घाबरू नका, पण नख अडकलं किंवा वस्तरा फिरवताना एका जागी खर्रकन आवाज आला तर ती रेष धारेला दात पाडणार, परत करा. मग सपाट करायचा. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि काचेवर चिकटवलेल्या वॉटर पेपरवर पाण्यात घासा, सगळ्या रेषा गेल्या की झालं. कोटिक्युल पटकन होतो, आर्कान्सा घाम काढतो, त्याला काचेवर सिलिकॉन कार्बाइडची पावडर लागते. कडा थोड्या गोल करून घ्या, नाहीतर धार तिथे आपटते.

कोटिक्युल वापरायचा कसा ते बघू. चार थेंब पाणी टाका, सोबतच्या छोट्या तुकड्याने घासून दुधासारखी स्लरी करा. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेलीच राहिली पाहिजे, पाठ उचलली की मेहनत पाण्यात, कारण कोन पाठीमुळेच ठरतो. धार पुढे ठेवून ढकलायचं, रुंदी कमी असेल तर तिरकं ओढत न्यायचं म्हणजे बुडापासून टोकापर्यंत सगळी धार दगडावरून जाते, आणि पलटताना पाठीवरून पलटायचं, धारेवरून कधीच नाही. स्लरी राखाडी व्हायला लागली म्हणजे स्टील निघतंय. मग दर वीस-तीस स्ट्रोकनंतर बोट बुडवून एक-दोन थेंब पाणी वाढवत जायचं, स्लरी पातळ होत होत शेवटी नुसतं पाणी उरतं, आणि तसतसा हातातला दाब पण कमी करायचा. घाई इथेच नडते, दाट स्लरीवरून डायरेक्ट पाण्यावर उडी मारली तर धार मध्येच अडकते. शेवटी दगड धुवून नुसत्या पाण्यावर पन्नासेक स्ट्रोक, वस्तऱ्याच्या वजनाएवढाच दाब. काम जमलं असेल तर धारेपुढचं पाणी पात्यावर चढताना दिसतं.

आर्कान्सावर स्लरी वगैरे काही नाही. शिलाई मशीनचं पातळ तेल किंवा साबणाचं पाणी, आणि भरपूर स्ट्रोक, शंभर-दोनशे झाले तरी कुरकुर नको. शेंगदाण्याचं, खोबरेल असलं घरातलं तेल घालू नका, चिकट होऊन दगड तुंबतो.

त्यानंतर चामड्याचा पट्टा, पन्नास-साठ वेळा, इथे पाठ पुढे आणि धार मागे, पट्टा ताणलेला, सैल सोडला तर धार गोल होते. परीक्षा दाढीतच होते, सुटा केस धरून धारेवर तोडून बघायच्या टेस्टवर फार विसंबू नका. काही आठवड्यांनी ओढायला लागला तर परत 1000 वर जायचं नाही, फिनिशरवर, म्हणजे त्या शेवटच्या नैसर्गिक दगडावर, पाण्याचे वीस-तीस स्ट्रोक आणि पट्टा, बहुतेक वेळा तेवढ्यात येतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात मात्र वस्तरा पुसून तेलाचं बोट फिरवल्याशिवाय ठेवू नका, कार्बन स्टीलला एका रात्रीत गंज धरतो आणि तो नेमका धारेलाच धरतो.