मातीचे जलरंग करायचे, तर आधी एवढं जमवा

उन्हाळ्याच्या सुटीत पोरांना घेऊन रंग करायला बसणार असाल, तर चार दिवस आधीच हात घाला. माती धुऊन, निथळून, वाळायला तेवढा वेळ जातोच.

तांबड्या रंगाला किराणा दुकानातला गेरू चालतो. पण शिवारात नव्या विहिरीचं काम चालू असेल, तर उपशाचा ढीग बघाच. आपल्या मराठवाड्यात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये कधीकधी विटकरी रंगाची मऊ पट्टी लागते. मालकाला विचारून ओंजळभर घ्या. पिवळी माती मिळाली तर उत्तमच. काळ्याला दिव्याची काजळी धरा, शेतातली काळी माती नको. मागच्या मे महिन्यात मी तिची वडी केली होती; सकाळी बघते तर कडेनं सुटलेली आणि मधोमध भेगाळलेली, थेट उन्हाळ्यातल्या रानासारखी. ही माती पाण्यानं फुगते, वाळली की आकसते.

हळद, बीट, पळसाची फुलं यांचा मोह होतो, पण ते रंग उजेडात विटतात. अजिंठ्यातले तांबडे, पिवळे, हिरवे रंग मातीचे आहेत, म्हणून दीड हजार वर्षांनीही दिसतात. लेण्यांच्या परिसरातून मात्र खडासुद्धा उचलू नका. शेंदूर शिशाचा, हिंगूळ पाऱ्याचा आणि हरताळ आर्सेनिकचा. हे तिन्ही घरात नकोतच.

खरं काम धुण्याचं. माती कुटून बादलीभर पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा. वाळू खाली बसली की वरचं गढूळ पाणी पंचातून दुसऱ्या भांड्यात ओता. असं तीनदा करा. मग रात्रभर हलवू नका. सकाळी वरचं नितळ पाणी काढा आणि गाळ ताटात सावलीत वाळवा. चिमूटभर दोन बोटांत चोळून बघा, करकर लागली तर परत धुवा. वाळलेली माती वस्त्रगाळ करताना नाकाला रुमाल बांधा.

आदल्या रात्री बाभळीचा डिंक कुटून एका वाटीला दोन वाट्या गरम पाणी घालून भिजवा, सकाळी गाळा. सरबतातला कतिरा आणू नका, तो विरघळत नाही. डिंकाच्या पाण्यात चमचाभर मध घाला, म्हणजे आपल्या कोरड्या हवेत वडी तडकत नाही. बुरशी लागू नये म्हणून लवंग तेलाचे दोन थेंब.

घोटायला जाड काच आणि सपाट, जड बुडाचा पेला हवा. स्वयंपाकाचा पाटा-वरवंटा नको. माती आणि डिंकाचं पाणी साधारण समसमान घ्या. रंग लोण्यासारखा होईतो घोटा, मग बाटल्यांच्या झाकणांत दोन-तीन थरांत भरा.

भरण्याआधी कागदावर एक पट्टा ओढून वाळू द्या. बोटाला रंग लागला तर डिंक कमी, पट्टा चकाकून तडकला तर जास्त. पट्ट्याशेजारी माती कुठल्या शिवारातली, ते पेन्सिलीनं लिहून ठेवा.