नद्या, किनारे आणि भूआच्छादनाची मुक्त माहिती वापरताना या चुका टाळा

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचा दिवस पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आले आहे, या प्रश्नाने सुरू होतो. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले, आणि त्यानंतर आपल्या गावाचा पूरनकाशा आपणच तयार करावा, असे मनावर घेतलेले अनेक शिक्षक, विद्यार्थी आणि ग्रामपंचायत सदस्य मला भेटले. त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती, म्हणजे नद्यांच्या रेषा, जमिनीची उंची, भूआच्छादन (जमिनीवर पीक, झाडे, पाणी की बांधकाम आहे याची नोंद) आणि उपग्रहांच्या प्रतिमा, आज विनामूल्य उपलब्ध आहे आणि क्यूजीआयएससारखी नकाशे तयार करण्याची मुक्त प्रणाली साध्या लॅपटॉपवरही चालते. अडचण माहिती मिळण्यात नसते. ती माहिती कोणत्या प्रमाणावर, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या कामासाठी तयार झाली, हे न विचारता ती एकमेकांवर ठेवली की नकाशा देखणा दिसतो आणि चुकीचा निघतो.

फूट आणि मीटर यांची गल्लत

सर्वांत गंभीर चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. मी पंचगंगेकाठच्या एका गावासाठी नकाशा करत होतो. ४३ फुटांचे १३.१ मीटर केले, नदीपात्राजवळचा उंचीचा आकडा घेतला, त्यात १३.१ मिळवले आणि त्याहून खालची सगळी जमीन निळी रंगवली. गावातल्या एका वयस्कर शेतकऱ्यांनी नकाशा पाहून शांतपणे सांगितले की, ज्या गल्लीत आजवर कधी पाणी आले नाही ती बुडालेली आहे आणि जेथून दरवेळी पहिल्यांदा माणसे हलवावी लागतात ती वस्ती कोरडी आहे.

चूक दुहेरी होती. बंधाऱ्यावरील फूट हे त्या ठिकाणच्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेले असतात, समुद्रसपाटीपासून नव्हेत, आणि उपग्रहीय उंचीतील नदीचा आकडा म्हणजे त्या पट्टीचा शून्य नव्हे. ही उंची वरून रडारने मोजलेली असते, आणि रडार नदीचा तळ पाहत नाही, ते पाण्याचा पृष्ठभाग पाहते. त्यातही मोजणीच्या दिवशी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवण्याच्या फळ्या) घातलेले होते की काढलेले, यावर तो पृष्ठभाग अवलंबून असतो. दुसरी गोष्ट अधिक मूलभूत आहे. इशारा पातळी आणि धोका पातळी यांच्यातील अंतर चार फूट, म्हणजे जेमतेम १.२ मीटर आहे, तर एसआरटीएमसारख्या जागतिक उंची प्रतिमानातील (जमिनीच्या उंचीच्या आकड्यांच्या जाळीतील) चूक काही मीटरांची असू शकते. ज्या मापाची चूकच मोजायच्या फरकाहून मोठी आहे, त्या मापाने ३९ आणि ४३ फुटांचे दोन वेगळे नकाशे काढणे म्हणजे लोकांना खोटा विश्वास देणे होय.

एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून अकरा दिवसांत झाली. फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडे ऊसतोडीचा भर. तोडलेला फड आणि शेजारचा उभा फड यांची रडारला दिसणारी उंची वेगळी असू शकते, आणि हा फरक जमिनीचा चढउतार म्हणून प्रतिमानात उतरतो. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचे ३० मीटरच्या चौकटींचे प्रतिमान त्यानंतरच्या दशकातील मोजणीवर आधारलेले असून साधारणपणे अधिक नेमके आहे, पण तेही घरे आणि झाडे धरूनच उंची सांगते. शिवाय दोन्ही प्रतिमानांची उंची मोजण्याची शून्य सपाटी वेगळी आहे. पहिल्याची उंची ईजीएम ९६ या जिओइडवरून, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीच्या प्रतिरूपावरून, दिलेली आहे, तर दुसऱ्याची ईजीएम २००८ वरून. जीपीएस यंत्राने दिलेली कच्ची उंची तर जिओइडवरून नव्हे, लंबगोलावरून (पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारावरून) असू शकते, आणि कोल्हापूरच्या परिसरात या दोहोंमध्ये ६० मीटरांहून अधिक अंतर आहे. यंत्रातील उंची नेमकी कोणती, हे पाहिल्याशिवाय ती प्रतिमानाशी जोडू नये.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा अनेक गावांत देवळांच्या पायऱ्यांवर, शाळांच्या भिंतींवर आणि लोकांच्या आठवणीत आहेत. अशा वीस-पंचवीस जागा पायी फिरून नोंदवाव्यात, त्या दिवशी बंधाऱ्यावर किती फूट पाणी होते ते लिहावे, आणि मगच प्रतिमानातील उंचीशी मेळ घालावा. एवढे करूनही नकाशावर एक रेषा काढण्याऐवजी ‘येथपर्यंत खात्रीने’ आणि ‘येथपर्यंत शक्यतेने’ असे दोन पट्टे दाखवणे प्रामाणिकपणाचे ठरते.

उसात लपलेला पूर

पुराच्या दिवसांत आकाश ढगांनी भरलेले असते, त्यामुळे सेंटिनेल-२ किंवा लँडसॅट या प्रकाशीय उपग्रहांच्या प्रतिमांत बहुधा पांढऱ्या कापसाखेरीज काही दिसत नाही. म्हणून लोक सेंटिनेल-१ च्या रडार प्रतिमांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे, कारण रडार ढगांतून पाहू शकते. संथ पाणी रडारचे किरण दुसरीकडे परावर्तित करते, त्यामुळे ते प्रतिमेत काळे दिसते. काळे ते पाणी, असे ठरवून क्षेत्रफळ काढले जाते.

शिरोळ आणि करवीर तालुक्यांत हा नियम अपुरा पडतो. ऑगस्टमधील आडसाली किंवा खोडव्याचा ऊस माणसाच्या डोक्याहून उंच असतो. त्याच्या बुडख्याशी तीन-चार फूट पाणी साचले तरी वर पाने उभीच राहतात, आणि सेंटिनेल-१ च्या सुमारे साडेपाच सेंटिमीटर तरंगलांबीला ते दाट पीक भेदून पाण्यापर्यंत पोहोचणे कठीण जाते. काही वेळा तर पाणी आणि खोड यांच्यावर दोनदा आपटून परतलेले किरण अशा शेताला नेहमीपेक्षा अधिक उजळ दाखवतात. परिणामी ऊस पूर्ण बुडेपर्यंत नकाशा ते शेत कोरडेच मानतो, आणि नुकसानीचा अंदाज नेमका त्याच शेतकऱ्यांच्या बाबतीत कमी पडतो. उलट बाजूने गुळगुळीत डांबरी रस्ते, मोठी मोकळी पटांगणे आणि घाटातील डोंगरांच्या रडार-सावल्या पाण्याप्रमाणेच काळ्या दिसून ‘बुडतात’. पुरापूर्वीची आणि पुरातील, एकाच कक्षेतून घेतलेल्या अशा दोन प्रतिमांची तुलना केली की कायम काळे असणारे भाग वगळता येतात. तीव्र उताराची जमीन वेगळी काढली की सावल्याही जातात. उसाखालचे पाणी मात्र गणिताने पूर्णपणे मिळत नाही, तेथे पुन्हा गावातील नोंदीच लागतात.

जिल्ह्याच्या सीमेवर नदी कापणे

नद्यांची माहिती डाउनलोड केल्यावर पहिले काम म्हणून ती जिल्ह्याच्या सीमेने कापली जाते. पंचगंगेच्या वरच्या भागापुरते हे खपून जाते, कारण कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या जिल्ह्यातच उगम पावून प्रयाग चिखलीच्या परिसरात एकत्र येतात. परंतु नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेस मिळते, आणि कृष्णेचे पाणी सातारा व सांगलीकडून, कोयना आणि वारणेसह येते. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही आणि मागे शिरोळ तालुक्यात पसरते. जिल्ह्याच्या चौकटीत कापलेल्या नकाशात या पुराचे कारणच दिसत नाही. म्हणून कापण्यासाठी पाणलोट क्षेत्राची सीमा वापरावी. हायड्रोबेसिन्स या मुक्त संचात पाणलोट क्षेत्रे मोठ्यापासून लहानापर्यंत बारा पातळ्यांत मिळतात.

हायड्रोरिव्हर्स हा त्याच कुटुंबातील नद्यांचा संच आहे. त्यातील रेषा प्रत्यक्ष पाहून काढलेल्या नाहीत, उंचीच्या जाळीवरून पाणी कोणीकडे वाहील याचे गणित करून काढलेल्या आहेत. ही जाळी १५ सेकंद-कोनाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर सुमारे साडेचारशे मीटरच्या चौकटींची आहे. गगनबावड्याच्या उतारावर तेवढ्याने काम भागते, पण शिरोळच्या सपाट मळईत नदीची वळणे या चौकटींत मावत नाहीत आणि रेषा खऱ्या पात्रापासून दूर सरकते. शिवाय पाणलोट क्षेत्र १० चौरस किलोमीटरांहून कमी आणि सरासरी प्रवाहही अगदी क्षीण असलेले ओढे त्यात नाहीत. गावातील ओढ्याचा प्रश्न सोडवायचा असेल तर हा संच चुकीचा आहे, आणि संपूर्ण कृष्णा खोऱ्यातील प्रवाहाची साखळी समजून घ्यायची असेल तर हाच योग्य आहे. नॅचरल अर्थ या जगाच्या मुक्त नकाशा-संचाची माहिती तर याहूनही ढोबळ, म्हणजे १ कोटीस १ या प्रमाणावर केलेली आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशासाठी ती उत्तम आहे, तालुक्यासाठी नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकसहभागातून बनलेल्या मुक्त नकाशात लोकांनी उपग्रह प्रतिमांवरून पात्रे रेखाटलेली असतात, म्हणून जागा बहुधा अचूक असते, पण मध्येच रेषा तुटलेली किंवा उलट दिशेने काढलेली सापडू शकते. तेथे नदीची रेषा प्रवाहाच्या दिशेने काढायची असा नियम आहे, त्यामुळे प्रवाहाचे विश्लेषण करण्यापूर्वी बाणांची चिन्हे चालू करून एकदा डोळ्यांखालून घालावे.

किनाऱ्याची लांबी

कोल्हापूरला समुद्र नसला तरी घाट उतरला की कोकण लागते, आणि येथील अनेक अभ्यासप्रकल्प विजयदुर्ग, देवगड, रत्नागिरीपर्यंत जातात. तेथे दोन वेगवेगळ्या संचांतून किनाऱ्याची लांबी काढून ‘किनारा वाढला’ किंवा ‘खचला’ असा निष्कर्ष काढण्याची चूक होते. भारताच्या किनाऱ्याची अधिकृत लांबी अनेक दशके ७,५१६.६ किलोमीटर होती, ती अलीकडे ११,०९८.८१ किलोमीटर झाली, आणि महाराष्ट्राची ६५२.६ वरून ८७७.९७ किलोमीटर. यात समुद्राने जमीन दिली नाही. मोजणी अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशांवर झाली, त्यामुळे खाड्या, बेटे आणि वळणे मोजमापात आली. दंतुर किनाऱ्याची लांबी मोजपट्टी जितकी लहान तितकी वाढते, म्हणून एकाच प्रमाणाच्या नोंदींचीच तुलना करावी. भरतीचाही विचार हवा. ओपनस्ट्रीटमॅपमधील किनारा मोठ्या भरतीच्या सरासरी रेषेवर अपेक्षित असतो, तर उपग्रह प्रतिमेतील पाण्याची कड त्या क्षणाच्या भरती-ओहोटीची असते.

भूआच्छादन म्हणजे जमिनीचा वापर नव्हे

युरोपीय अंतराळ संस्थेचा वर्ल्डकव्हर हा १० मीटरचा संच २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी मिळतो, आणि दोन वर्षे दिसली की वजाबाकी करण्याचा मोह होतो. ती करू नये. दोन आवृत्त्यांची गणनपद्धत वेगळी आहे, त्यामुळे एका वर्षात ‘नाहीसे झालेले’ जंगल बहुतांशी पद्धतीतील बदल असू शकते. निर्मात्यांनी सांगितलेली एकूण अचूकता पहिल्या आवृत्तीसाठी सुमारे ७४ आणि दुसरीसाठी सुमारे ७७ टक्के आहे, म्हणजे चारांपैकी साधारण एक चौकट चुकीच्या वर्गात असू शकते.

वर्गांच्या व्याख्या वाचल्याशिवाय आकडे छापू नयेत, याचे आणखी एक कारण आहे. या संचात पीक म्हणजे पेरणीनंतर बारा महिन्यांत काढणीस येणारे पीक. आंबा आणि काजूच्या बागा झाडांच्या आच्छादनात जातात, त्यामुळे कोकणातील बागायतीची वाढ ही वनवाढ म्हणून मांडली जाण्याचा धोका आहे. हरितगृहे बांधकामात मोजली जातात. आपल्याकडचा आडसाली ऊस तर बारा महिन्यांच्या या व्याख्येत बसतच नाही, कारण तो सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. मसाई पठारासारखा सडा, म्हणजे कातळाचे पठार, पावसाळ्यात गवताने भरलेला आणि उन्हाळ्यात उघडा कातळ असतो. वर्षभराच्या प्रतिमांवरून त्याला एकच वर्ग देणारा नकाशा यांपैकी एक सत्य लपवतोच. पाण्याबाबतही हेच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळा सरल्यावर बरगे घालतात आणि पुढच्या पावसापूर्वी काढतात, म्हणून जानेवारीतील रुंद पात्र आणि जूनच्या सुरुवातीचे पात्र यांची तुलना करून ‘नदी आटली’ असे लिहिणे चुकीचे आहे. एकाच महिन्याच्या प्रतिमा, निरनिराळ्या वर्षांच्या, अशीच तुलना करावी.

छोट्या वाटणाऱ्या तांत्रिक चुका

वेब नकाशांच्या मर्केटर प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट मांडण्याच्या पद्धतीत) क्षेत्रफळ मोजले तर कोल्हापूरच्या अक्षांशावर ते ९ ते १० टक्के जास्त येते, म्हणजे १०० हेक्टरांचा तलाव १०९-११० हेक्टरांचा होतो. मोजमापापूर्वी माहिती यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर विभागात, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ या संकेतांकाच्या पद्धतीत, बदलून घ्यावी. अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर कोल्हापूर नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटाच्या पश्चिमेकडील समुद्रात जाऊन पडते. नकाशा रिकामा दिसला तर प्रथम सबंध जग उघडून तेथे पाहावे. जुन्या टोपोशीट (सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे) एव्हरेस्ट लंबगोलावर आधारलेल्या असल्याने त्यांना थेट डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएसची पद्धत, समजून बसवले की रस्ते आणि ओढे एका बाजूला सरकतात.

शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइलप्रकारात मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, ती बहुधा अक्षरसंकेत न नोंदवल्यामुळे. जतन करताना यूटीएफ-८ निवडावे, किंवा सरळ जिओपॅकेज हा नवा फाइलप्रकार वापरावा, म्हणजे स्तंभांच्या नावांवरील दहा अक्षरांची मर्यादाही राहत नाही. परवान्याची नोंद विसरू नये. नॅचरल अर्थ सार्वजनिक मालकीचे आहे, वर्ल्डकव्हरला श्रेय देणे आवश्यक आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीत भर घालून तयार केलेला माहितीसंच प्रसिद्ध केला तर तो त्याच परवान्याखाली खुला ठेवावा लागतो. देशाच्या सीमेसाठी मात्र परदेशी संचांवर विसंबू नये. भारताची सीमा चुकीची दाखवणारा नकाशा प्रसिद्ध करणे कायद्याने दंडनीय आहे, म्हणून ती भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घ्यावी.

आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आपल्या ओढ्याचे नाव चुकीचे किंवा केवळ इंग्रजीत आढळले, तर ते आपल्या फाइलमध्ये दुरुस्त करून थांबू नये. मूळ नकाशात खाते उघडून तेथेच मराठी नाव भरावे, म्हणजे शेजारच्या गावातील नकाशा करणाऱ्यालाही ते बरोबर मिळेल.