वाऱ्याकडे पाठ, डाव्या हाताला कमी दाब

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी दापोलीजवळच्या आमच्या घरी होते. आधी वीज गेली, मग मोबाइलची रेंज. वादळ कुठवर आलंय हे कळायला मार्ग नव्हता. वर्गात मुलांना शिकवलेली युक्ती तेव्हा मी पडवीत उभी राहून वापरली. कोकणातल्या प्रत्येक घरात ती यावी, असं मला तेव्हापासून वाटतं.

वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. डावा हात खांद्याच्या रेषेत पसरायचा आणि किंचित पुढे आणायचा. कमी दाबाचं केंद्र साधारण त्या दिशेला असतं. सकाळी वारा आग्नेयेचा होता. माझं तोंड वायव्येला, हात समुद्राकडे. पुढे वारा दक्षिणेचा झाला, तसा हातही उत्तरेकडे सरकला. म्हणजे वादळ आमच्यासमोरून वर चाललं होतं. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. दुसऱ्या दिवशी वाडीत गेलो, तर पोफळी उत्तरेकडे शेंडे करून आडव्या पडलेल्या.

हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, पण पृथ्वी फिरते म्हणून उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते. सरळ केंद्रात न शिरता केंद्र डावीकडे ठेवून त्याभोवती फिरते. बाइज-बॅलॉट या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हा नियम मांडला. दक्षिण गोलार्धात डाव्याऐवजी उजवा हात धरायचा. आपला पाऊसही याच वळणाने येतो: हिंदी महासागरातले आग्नेय व्यापारी वारे विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येचे होतात. जुलैत अंगणात करून बघा, हात राजस्थान-सिंधच्या तापलेल्या जमिनीकडे जाईल.

मात्र दुपारचा खारा वारा आणि पहाटेचा मतलई यांना हा नियम लावू नका. ते थोड्या अंतरापुरते असतात, त्यांना पुरतं वळायला वाव मिळत नाही. घराच्या कोपऱ्यावरून फिरून येणारा वाराही फसवतो. मोकळ्यावर जा, नाहीतर खालचे ढग कुठून कुठे चाललेत ते पाहा.

फोनमध्ये दाबमापक असेल तर जोडीला त्याची नोंद ठेवा. समुद्रसपाटीला सरासरी दाब १०१३ हेक्टोपास्कल (हवेचा दाब मोजायचं एकक); पावसाळ्यात आपल्याकडे त्याहून कमीच असतो. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. चांगल्या हवेतही सकाळी १० च्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी ४ पर्यंत तो दोन-चार हेक्टोपास्कलने उतरतो. रोजच. माझे विद्यार्थी पहिल्याच दिवशी घाबरून सांगत आले होते. म्हणून आजचा दुपारी ४ चा आकडा कालच्या दुपारी ४ च्या आकड्याशीच ताडायचा. तिथे पाचेक हेक्टोपास्कलची घट दिसली आणि दर तासाला आकडा उतरतच राहिला, तर होडी पाण्यात घालू नका, गुरं आत घ्या. आणि फोन दर वेळी एकाच फळीवर ठेवा. नुसतं माडीवर नेलात तरी आकडा ०.३ ने खाली येतो.