आज मोठा दिसणारा मुलगा: इंग्लंडमध्ये मुलांना फुटबॉल शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी

इंग्लंडमध्ये मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षणात उतरू पाहणाऱ्या मराठी मंडळींचे मला जे प्रश्न येतात, ते बहुतेक प्रमाणपत्रांविषयी असतात. कोणता अभ्यासक्रम आधी करावा, युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) सी झाल्यावर युएफा बी कधी करावा, अकादमीत प्रवेश कसा मिळतो, असे ते प्रश्न. ही माहिती इंग्लंडमधील फुटबॉलचा कारभार पाहणाऱ्या फुटबॉल असोसिएशनच्या संकेतस्थळावर आहे आणि तुम्ही ती वाचली असणार, असे मी गृहीत धरतो. मला लिहायचे आहे ते एका सापळ्याविषयी. कोणत्याही वर्गात मला त्याची पुरेशी जाणीव करून दिली गेली नाही, मी त्यात पुरता अडकलो आणि त्याची रुखरुख अजून गेलेली नाही. आज मोठ्या दिसणाऱ्या मुलाला गुणवान मुलगा समजणे, हा तो सापळा.

इंग्लंडमध्ये वयोगट शालेय वर्षाप्रमाणे ठरतात. १ सप्टेंबर ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत जन्मलेली मुले एका गटात येतात. नऊ वर्षांखालील गटाचा हंगाम सुरू होतो तेव्हा ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला नुकतेच आठवे पूर्ण झालेले असते आणि सप्टेंबरचा मुलगा नऊ वर्षांचा होत असतो. हे अंतर धाकट्याच्या सबंध आयुष्याच्या जवळजवळ आठव्या हिश्श्याएवढे आहे. नेमक्या याच वयापासून व्यावसायिक क्लबांच्या अकादम्या मुलांची अधिकृत नोंदणी करू शकतात. या अकादम्यांमध्ये शरद ऋतूत (सप्टेंबर ते नोव्हेंबर) जन्मलेल्या मुलांची गर्दी आणि तिथल्या उन्हाळ्यात (जून ते ऑगस्ट) जन्मलेल्यांची वानवा असते, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे.

एवढे वाचून बहुतेक नवे प्रशिक्षक मान डोलावतात आणि पुढे जातात. माझी विनंती आहे की इथे थांबा, कारण ही निवड स्वतःला खरी ठरवत जाते आणि म्हणूनच ती धोक्याची आहे. थोराड मुलगा चेंडूपर्यंत आधी पोहोचतो, म्हणून त्याला मधल्या फळीत खेळवले जाते. तिथे चेंडूला त्याचे पाय जास्त वेळा लागतात, प्रशिक्षकाची शाबासकी जास्त मिळते, पुढच्या वर्षी तो क्लबच्या त्याच वयोगटातल्या पहिल्या संघात जातो आणि त्याला अधिक तोडीचे प्रतिस्पर्धी मिळतात. बाराव्या वर्षापर्यंत तो खरोखरच सरस झालेला असतो. आपली पारख बरोबर होती, अशी प्रशिक्षकाची खात्री पटते. वास्तविक त्याने पारख केलेली नसते. त्याने एका मुलाला संधी दिलेली असते आणि दुसऱ्याची काढून घेतलेली असते.

माझ्याकडे दहा वर्षांखालील मुलांचा, सात-सातच्या सामन्यांचा संघ होता. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या संघांचे सामने पाहत वाढलेल्या माणसाला जिंकण्याची ईर्ष्या शिकवावी लागत नाही. उंच मुले मी बचावाच्या मध्यभागी आणि आघाडीला ठेवली, लहानखुऱ्यांना कडेला काही मिनिटे दिली आणि आम्ही जिंकत राहिलो. पालक खूश होते, क्लबची समिती खूश होती. पुढे संघ नऊ-नऊच्या आणि मग अकरा-अकराच्या मैदानावर गेला, तशी इतर संघांतली मुलेही उंचीला आली आणि आमच्या मुलांची ताकद पुरेनाशी झाली. अंगावर माणूस असताना चेंडू ताब्यात कसा घ्यायचा, हे त्यांना कधी शिकावेच लागले नव्हते. दरम्यान लहानखुऱ्यांपैकी कित्येकांनी फुटबॉलच सोडला होता. त्यांचे नोंदणी अर्ज काढून पाहिले, तेव्हा बहुतेकांचे जन्म मे ते ऑगस्टमधले निघाले. त्या मुलांमध्ये एखादा चांगला खेळाडू होता का, याचे उत्तर मिळण्याची सोय मीच ठेवली नव्हती.

बाराव्या-तेराव्या वर्षी या सापळ्याची दुसरी बाजू समोर येते. एकाच दिवशी जन्मलेल्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत काही वर्षांचा फरक असू शकतो. एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून बालकच असतो. यावर उपाय म्हणून प्रीमियर लीगने बाथ विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर जैविक वाढीनुसार गट पाडून सामने घेऊन पाहिले. मुलाची आजची उंची आणि आई-वडिलांची उंची यांवरून त्याच्या प्रौढपणीच्या उंचीचा अंदाज बांधायचा, त्यातली किती टक्के उंची आज गाठली गेली आहे हे काढायचे आणि साधारण सारख्या टक्केवारीची मुले एकत्र खेळवायची, अशी ती पद्धत आहे. गावातल्या क्लबला हे सगळे जमणार नाही, पण कोण वाढीच्या ऐन भरात आहे याची नोंद ठेवणे कोणालाही जमते. ती ठेवा, कारण या काळात मुलांचा तोल आणि चेंडूवरचा ताबा काही महिने बिघडलेला असू शकतो आणि त्याच महिन्यांत त्यांना नालायक ठरवले जाते.

दोष एकट्या प्रशिक्षकाचा आहे, असे मी मानत नाही. १९९०च्या दशकात असोसिएशनचे प्रशिक्षण संचालक असलेले चार्ल्स ह्यूज यांनी असा सिद्धांत मांडला होता की बहुतेक गोल पाच किंवा त्याहून कमी पासमधून होतात, म्हणून चेंडू लवकर पुढे पाठवावा. अशा खेळाला दांडगी मुले लागतात. सिद्धांत मागे पडला, पण मैदानाच्या कडेला उभे राहून ‘लांब मार’ म्हणून ओरडणारे पालक आजही त्याच खेळात वाढलेले आहेत. २०१२ मध्ये व्यावसायिक अकादम्यांसाठी ‘एलिट प्लेयर परफॉर्मन्स प्लॅन’ आला. अकादम्यांचे चार दर्जे ठरले, सरावाचे तास वाढले आणि एका क्लबने दुसऱ्याचा मुलगा घेतल्यास द्यायची भरपाईही ठरवून दिली गेली. सुरुवातीच्या नियमांत नऊ ते अकरा या वयांसाठी ती वर्षाला ३,००० पौंड होती. लहान क्लबांनी घडवलेली मुले मोठ्या क्लबांना स्वस्तात मिळू लागली. ब्रेंटफर्ड या क्लबने २०१६ मध्ये आपली अकादमीच बंद केली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू केली.

हे वाचून खचून जाऊ नका, कारण बरेच काही सुधारलेही आहे. २०१२ मध्येच असोसिएशनने मुलांच्या खेळाचा आराखडा बदलला. सात-आठ वर्षांखालील मुले पाच-पाच जणांच्या संघांत खेळू लागली, पुढे सात-सात आणि नऊ-नऊ असे टप्पे आले आणि अकरा वर्षांखालील गटापर्यंत गुणतक्ते प्रसिद्ध करणे बंद झाले. त्याच वर्षी सेंट जॉर्जेस पार्क हे राष्ट्रीय केंद्र उघडले. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा इंग्लंड-अमेरिका उपांत्यपूर्व सामना ज्यांनी गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर पाहिला असेल, त्यांना इंग्लंडची मुले चेंडू पायाशी ठेवून किती सहज खेळत होती हे आठवत असेल. पुढे कोलकात्याच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून त्यांनी ५-२ असा विजय मिळवला आणि फिल फोडेन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. प्रशिक्षण बदलले की खेळ बदलतो, याचा मला यापेक्षा चांगला पुरावा माहीत नाही. मात्र हे यश वरच्या थरातले आहे. रविवारी सकाळी चिखलात खेळणाऱ्या बहुसंख्य मुलांना प्रशिक्षक म्हणून मिळतात ते एखाद्या मुलाचे बाबा किंवा आई, जे वेळात वेळ काढून विनामोबदला हे काम करतात.

हॅरी केनचे उदाहरण पालकांना सांगावे, असे मी सुचवेन, पण जपून. त्याचा जन्म २८ जुलै १९९३चा, म्हणजे तो आपल्या गटातल्या सर्वांत धाकट्यांपैकी एक होता. आर्सेनलने त्याला लहानपणीच सोडून दिले आणि २०२३ मध्ये तो इंग्लंडकडून सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला. या गोष्टीने मुलाला धीर येतो, पण तीच पालकांना खोटी आशाही लावते. अकादमीतून सोडलेली बहुतेक मुले व्यावसायिक खेळाडू होत नाहीत. सोडलेल्या मुलाशी बोलताना त्याच्या शाळेविषयी आणि मित्रांविषयी विचारा, पुढच्या निवड चाचणीविषयी नको.

उपाय साधे आहेत. पहिल्या सरावाआधी क्लबच्या सचिवांकडून जन्मतारखा घ्या आणि मुलांची नावे तीन-तीन महिन्यांच्या गटांत लिहून काढा. प्रत्येक सामन्यात कोण किती मिनिटे आणि कुठे खेळले हे टिपून ठेवा आणि काही आठवड्यांनी ती यादी जन्मतारखांशेजारी ठेवून वाचा. आपण न्यायाने वागतो, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती यादीने मोडली. सगळ्यांना समान वेळ द्या आणि हंगामाच्या आधीच पालकांना तसे लेखी कळवा, म्हणजे पहिल्या पराभवानंतर वाद घालावा लागणार नाही.

आयते सराव आराखडे विकत घेण्याच्या मी ठाम विरोधात आहे. समोरची मुले न पाहता लिहिलेला आराखडा मुलांसाठी नसतोच. पालकांकडून दरमहा शुल्क घेऊन ‘एलिट’ नावाने चालणाऱ्या खासगी वर्गांत सहाय्यक म्हणून शिकायला जाऊ नका, तिथे शिकवण्यापेक्षा मुले टिकवून धरण्याकडे लक्ष जास्त असते. मार्गदर्शक निवडताना मोठ्या क्लबचे जॅकेट पाहू नका. वर्षानुवर्षे सात-आठ वर्षांच्या मुलांनाच शिकवणारी व्यक्ती शोधा, तुमचा सराव पाहायला तिला बोलवा आणि तुम्ही किती बोललात एवढेच मोजायला सांगा. प्रशिक्षक जितका कमी बोलतो तितका जास्त विचार मुले स्वतः करतात, हे मला अशाच एका बाईंनी शिकवले. कोणत्याही प्रमाणपत्राहून त्यांची ती टिपणे मला अधिक उपयोगी पडली.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करण्यास मनाई असते आणि त्या मनाईत प्रशिक्षकही येतो. ग्रॅज्युएट व्हिसावरही व्यावसायिक खेळाडू म्हणून काम करता येत नाही. मोबदला न घेता क्लबला मदत करायची असली, तरी स्वतःच्या व्हिसाच्या अटी आधी वाचा आणि शंका असेल तर जाणकार वकिलाला विचारा. क्लबच्या सचिवांना हे माहीत असेलच असे नाही. मुलांच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम, प्रथमोपचार आणि डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची सरकारी पडताळणी) यांना पर्याय नाही. हाताशी असलेली नोकरी सोडून यात येऊ नका, कारण अकादम्यांतली बरीच कामे संध्याकाळची आणि तासांवर पैसे देणारी असतात. सुरुवातीला ‘प्लेमेकर’ हा असोसिएशनचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम करा आणि जवळच्या क्लबकडे सात वर्षांखालील गटाला मदत करण्याची इच्छा कळवा. मी पाहिलेल्या प्रत्येक क्लबात त्या गटाला माणसे कमी पडतात, त्यामुळे उत्तर बहुधा त्याच आठवड्यात येईल.