झाडाखाली गाडी लावताय? आधी वर बघा
सावली दिसली की आपण गाडी घुसवतो, पण वर कोणतं झाड आहे ते आधी बघा ना. जानेवारी-फेब्रुवारीत मोहोर आलेल्या आंब्याखाली तुडतुड्यांचा (मोहोरावरच्या बारीक किडींचा) चिकटा पडतो, वायपर फिरवला की काचेवर नुसते फराटे, आणि जूनमध्ये जांभूळ, त्यात पक्षी जांभळं खाऊन जे करतात ते तर विचारूच नका. विष्ठेतलं युरिक अ‍ॅसिड उन्हात क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) खातं, त्यामुळे दिसली की ओलं फडकं ठेवून भिजवा न् मग उचला, कोरडी घासू नका. बेसमेंट बेस्ट, फक्त गळक्या स्लॅबखाली नको, चुन्याचे पांढरे डाग साध्या पाण्याने निघत नाहीत. नाहीच जमलं तर बिल्डिंगच्या पूर्वेला लावा, दुपारनंतर सावली येते. नारळाखाली मात्र लावूच नका राव.